निळीचा थर

हातोडा तिच्या डोक्यावरच्या खिळ्याला टांगलेला होता, म्हणून त्याने हात वर नेला, एवढंच झालं. ती खाली बसून साबणाच्या पाण्यात ब्रश धूत होती. त्याचा हात तिच्या डोक्यावरून गेला आणि तिचं कोपर झटकन वर आलं, मान खांद्यांत गेली, डोळे घट्ट मिटले. ब्रश बादलीबाहेर पडला. क्षणभरच. मग तिने डोळे उघडले, ब्रश उचलला आणि पुन्हा धुवायला लागली. 'काय झालं?' त्याने विचारलं. 'कुठे काय?' 'दचकलीस ती?' 'चिलट होतं,' ती म्हणाली. तो हसला. चिलटाला घाबरणारी बाई नव्हती ती. कार्यशाळेत उंदीर निघाला तर शेपटीला धरून बाहेर नेऊन सोडणारी. लग्नाला इतकी वर्षं झाली, एकदाही, अगदी चुकूनसुद्धा, त्याने तिच्यावर हात उगारला नव्हता. ही गोष्ट तो कुणाला सांगत फिरत नसे, पण एकटा असला की स्वतःशी काढून बघत असे. माणसाजवळ चांगलं म्हणून एखादंच काही असतं. त्याच्याजवळ हे होतं. आणि आज त्या हाडकुळ्या, प्लास्टरने पांढऱ्या पडलेल्या कोपराने एक शब्द न बोलता त्याला गुन्हेगार ठरवलं होतं. त्याने हातोडा खिळ्यावरून काढला. 'चिलट,' तो पुन्हा म्हणाला. 'हो ना,' ती म्हणाली. 'चहा ठेवू?'

चहा त्याने नको म्हटला. मार खाणारं माणूस त्याला लांबूनही ओळखू येई, कारण लहानपणी घरात एक होतं. वडील दवाखान्यात कंपाउंडर होते. दिवसभर लोकांशी मऊ आवाजात बोलायचे, पोरांना औषध पाजताना तोंडाने पक्ष्यांचे आवाज काढायचे. घरी आले की वेगळे. मारायच्या आधी ते मनगटावरचं घड्याळ सोडून टेबलावर ठेवत, काच फुटू नये म्हणून. पट्ट्याची कडी सुटल्याचा तो बारीक आवाज ऐकला की तो कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत शिरे. आई म्हणायची, 'अहो, दार तरी लावा.' बस, एवढंच. हाड मोडेल याची चिंता नव्हती, शेजारी ऐकतील याची होती. एकदा तिचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं तेव्हा टेबलावरचं घड्याळ उडी मारून खाली पडलं, आणि वडील मारायचे थांबून आधी घड्याळ उचलून कानाला लावायला गेले. थोड्या वेळाने आई तोंड धुऊन, केस बांधून कपाटापाशी यायची आणि म्हणायची, 'चल बाहेर ये, जेवायला बस.' आजचं ते कोपर त्याने तेव्हा पाहिलं होतं. असंच वर आलेलं, असंच निरुपयोगी. वडील गेले तेव्हा तो रडला नाही. घड्याळ मात्र मागून घेतलं आणि अंगणात दगडावर ठेवून दगडाने ठेचलं, काटे, चाकं, काच, सगळ्याचा भुगा होईपर्यंत. हाताला रक्त आलं तरी ठेचत राहिला. इतकं सुख त्याला पुढे क्वचितच मिळालं असेल.

कला महाविद्यालयाच्या पायऱ्यांवर बसून त्याने तिला हे सगळं सांगितलं होतं आणि शेवटी म्हणाला होता, 'मी कधी हात उचलणार नाही.' ती म्हणाली होती, 'बरं.' नुसतं बरं! एवढं मोठं वचन दिलं तर समोरच्याने निदान डोळ्यांत पाणी आणावं की नाही? तेव्हाही त्याला जरा रागच आला होता. पण शब्द त्याने पाळला. राग आला की तो वस्तूंवर काढायचा. कपबशा तर खिजगणतीतच नाहीत. एक खुर्ची. स्वयंपाकघराच्या दाराची खालची फळी. एका म्हाताऱ्याचा पुरा झालेला अर्धपुतळा, जो त्याने खिडकीतून गल्लीत टाकलं आणि त्या वेळी खाली कुणी नव्हतं हे नशीब. तिच्या आईने दिलेला आरसा. आरसा तिच्या कानामागच्या भिंतीवर फुटला होता, आणि तिच्या केसांतून काचा वेचताना तो इतका रडला की शेवटी तीच त्याची पाठ थोपटत बसली. पण नेम पक्का होता त्याचा. तिला कधी खरचटलंसुद्धा नाही. मित्रमंडळीत तर त्याचा राग लाडका होता. 'याच्याकडे चहाला जायचं तर आपापला कप घेऊन जा,' असं कुणीतरी म्हणे आणि सगळ्यांत मोठ्याने ती हसे. कलावंत माणूस, नाकाच्या शेंड्यावर राग असायचाच. मूल नको हे तिने ठरवलं होतं, 'मग काम कोण करणार?' असं म्हणून, आणि त्यालाही ते पटलं होतं. काम होतंच. माती त्याची, साचे तिचे. तिच्यासारखे साचे शहरात दुसरं कुणी काढत नसे. तिच्या साच्यातून पापणीची घडीसुद्धा जशीच्या तशी उतरायची. आता हातोड्याचा दांडा तळहातात फिरवत असताना ते मुलाचं आठवलं आणि त्याच्या मनात एक विचार आला, की कारण खरंच कामाचं होतं का. त्याने तो झटकून टाकला. सकाळी सकाळी नसती कटकट.

अग्निशमन दलाच्या नव्या मुख्यालयाचं काम मिळालं तेव्हा दोघं किती खूश होती. सरकारी इमारतींच्या दर्शनी भागावर कला असावी आणि ती स्थानिक कलाकाराकडूनच करून घ्यावी, असं वरून ठरून आलं होतं. याच शहरात जन्मलेला, इथेच राहणारा आणि अजून हयात असा शिल्पकार हवा होता. शोधता शोधता हा सापडला. समितीत तिघं होती: अग्निशमन दलाचे प्रमुख, इमारतीचा अभियंता आणि संस्कृती खात्याच्या बाई. बाईंना शिल्पात आशा दिसायला हवी होती. अभियंत्याला चिंता कबुतरांची. 'हाताची अशी ओंजळ केलीत तर त्यात घरटं होणार, आत्ताच सांगून ठेवतो,' तो म्हणाला, आणि त्याचं काही चूक नव्हतं. कमानीवर दुप्पट मापाचा जवान, त्याच्या खांद्यावर मूल, मागे ज्वाळा. मुलाचं तोंड त्याने उघडं केलं होतं, टाळू दिसेपर्यंत, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. मातीचं काम बघायला समिती आली तेव्हा दलप्रमुख मुलाच्या तोंडापाशी जाऊन वाकले. मग म्हणाले, 'हे तोंड मिटा.' 'का?' 'खोटं आहे.' 'खोटं?' 'पुष्कळ पोरं बाहेर काढलीत मी. काही हातातच गेली. आगीतून काढलेलं पोर ओरडत नाही हो. गप्प असतं. आपणच काहीतरी केलं म्हणून हे सगळं झालं, असं वाटत असतं त्याला.' बाईंनी लगेच ते लिहून घेतलं. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती अपमानाची आहे असं तो पुढे कितीतरी वेळ स्वतःला पटवत राहिला. कपाट आणि भिंत यांच्या फटीत तो स्वतः कधी ओरडला होता? एकदाही नाही. हे त्याला ठाऊक असायला हवं होतं, बोटांना तरी ठाऊक असायला हवं होतं, आणि ते एका गणवेशातल्या माणसाने चारचौघांत सांगावं! समिती गेल्यावर त्याने तारेने मुलाचं मुंडकं उडवलं, माती फरशीवर आपटली, तिला लाथ घातली, आणि दुसऱ्या दिवशी नवं डोकं करायला घेतलं. ओठ मिटलेले. असं काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं. 

मग बाईंचा फोन आला. तोंड मिटलं ते छान झालं, पण किंचित हसरं करता येईल का, म्हणजे आशा दिसेल. फोन ठेवून हाताला जे लागलं ते त्याने फेकलं. निळीचा डबा होता. ती शेजारी प्लास्टर चाळत बसली होती; डबा तिच्या खांद्यावरून गेला आणि भिंतीवर फुटला. सगळी भिंत निळी झाली. तो पाय आपटत बाहेर पडला आणि तसाच मुख्यालयावर गेला, कारण कमानीत सळया बसवायला सुरुवात व्हायची होती. पुढचे कितीतरी दिवस तो परांचीवरच असायचा, घरी फक्त निजायला. मुलाच्या डोक्याचा साचा तिने एकटीनेच काढला, एकटीनेच भरला. पहिल्या संध्याकाळी परत आला तेव्हा भिंत धुऊन झालेली होती. एक निळसर डाग तेवढा उरला होता. तिकडे त्याने बघितलं नाही, आणि मग न बघायची सवय होऊन गेली.

साचा फोडायचा दिवस त्याच्या सगळ्यांत आवडीचा. महिनोन्महिने ओल्या फडक्यात जपलेल्या कामावर त्या दिवशी घाव घालायचा असतो, आणि कुणी नावं ठेवत नाही. मातीवर प्लास्टरचा पहिला पातळ थर देतात त्यात चिमूटभर नीळ कालवतात. त्यावर पांढरे जाड थर चढवतात. मग आतली माती काढून पोकळीत प्लास्टर भरायचं, ते घट्ट झालं की बाहेरचा साचा छिन्नीने फोडून काढायचा. पांढऱ्यावर बेलाशक मारावं. निळं दिसलं की थांबावं, कारण त्याच्या आत लगेच चेहरा असतो. तिथून पुढे नखाने सोलल्यासारखं काम. जवानाचं धड, हात, ज्वाळा, सगळे भाग असेच निघाले होते. मुलाचं डोकं तेवढं उरलं होतं, बाकड्यावर ठेवलेला एक पांढरा ओबडधोबड गोळा. उद्या समिती येणार होती. 'आज मी फोडते,' ती म्हणाली. 'तू?' 'तुझा खांदा धरलाय ना.' 'खांद्याला काय धाड भरलीय?' 'नाही, म्हटलं आपलं.' 'काय म्हटलं?' 'काही नाही. हळू मार फक्त.' त्याने छिन्नी लावली.

पहिल्या घावाला टवका उडाला आणि त्याला बरं वाटलं. दुसऱ्याला आणखी. तोंडात खडूची चव आली. ती बाकड्याच्या पलीकडे उभी होती, हात एकमेकांत घालून, आणि तिची नजर छिन्नीच्या टोकावरून हलत नव्हती. ते कोपर त्याच्या डोक्यातून जाईना. कुणी शिकवलं होतं तिला ते? तिचे वडील तर गाईसारखे गरीब. मग कुणी? प्रत्येक घावाबरोबर तो जणू तिलाच विचारत होता. 'मी तुला कधी मारलंय?' तो एकदम मोठ्याने म्हणाला. 'नाही.' 'मग?' 'मग काय?' 'सकाळचं ते काय होतं?' 'चिलट होतं म्हटलं ना. हळू, अरे...' 'मला शिकवू नकोस.' घाव. 'शिकवत नाहीये. मला एक सांगायचं...' 'आधी मी विचारतोय त्याचं उत्तर दे!' घाव. पांढरं उडत होतं, भिंतीवर, केसांवर, तिच्या पायांशी. निळं दिसेपर्यंत मारायला मोकळीक होती आणि तो मारत होता. खांदा सैल झाला, हात तापला, कानांत रक्त वाजायला लागलं. दगडावरचं घड्याळ ठेचत होता तेव्हाचंच हे सुख, सगळ्या अंगभर. 'थांब,' ती म्हणाली. 'थांब, थांब!' आणि आवाज बदलला. ठक् असा नाही, भस्स असा. छिन्नी गेली ती गेलीच. एक मोठा तुकडा सुटून फरशीवर पडला. त्याने तो उचलून उलटा केला. आत मिटलेले ओठ होते, अर्धं नाक, आणि गालाचा काही भाग. बाकड्यावरच्या गोळ्यात त्या जागी खड्डा होता.

निळं कुठेच नव्हतं. त्याने कडा नखाने खरवडून पाहिल्या. पांढऱ्यात पांढरं. 'नीळ कुठाय?' 'नाही घातली.' 'नाही घातली म्हणजे?' 'राहिली.' ती हळू आणि सरळ बोलत होती, पाठ केल्यासारखं. 'त्या दिवशी भिंत धूत बसले. तोवर माती सुकायला लागली. भेगा पडल्या असत्या, म्हणून तशीच थर द्यायला बसले. डबा नेहमी उजव्या हाताशी असतो, म्हणून हात जातो. डबा नव्हता, तर हात गेलाच नाही. दुसरा थर चढवल्यावर लक्षात आलं.' 'गेरू होता. शाई होती. घरात चहाची पूड होती!' 'सगळं होतं.' 'आणि इतके दिवस सांगायला काय झालं होतं? जीभ झडली होती? आज सकाळी तरी?' 'सांगणार होते.' 'कधी?' 'रोजच.' फरशीवरून उचललेले ओठ अजून त्याच्या हातात होते. 'भितेस तू मला?' त्याने विचारलं. विचारताना त्याला हसायचं होतं. तिने त्याच्याकडे खरोखर आश्चर्याने पाहिलं. 'तुला माहीत नाही?' 'अगं, मी तुला आजवर कधी...' 'नाही मारलंस. मी बघतेय ना. इतकी वर्षं बघतेच आहे, कधी मारतोस ते.'

त्याच्या आत जे उठलं त्याला राग म्हणणं कमी पडेल. आपलं म्हणून जे एक जपलं होतं ते हिने इतकी वर्षं खरं मानलंच नव्हतं. रोज जेवताना, हसताना, शेजारी झोपताना ही फक्त वाट बघत होती. ही चोरी होती. त्याला लुबाडलं होतं तिने. डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. त्याने ओठांचा तुकडा बाकड्यावर ठेवला. हातोडा ठेवला. छिन्नीसुद्धा ठेवली, धारेला इजा होऊ नये अशी, गोणपाटावर. हे त्याला नंतर अगदी स्पष्ट आठवलं, आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे त्यातही त्याला आपला थोडा चांगुलपणा दिसला. मग तो बाकड्याला वळसा घालून गेला आणि त्याने तिच्या कानशिलात मारली. पुन्हा मारली. दुसऱ्या फटक्याला ती चाळणीवर पडली, चाळणी कलंडली, प्लास्टरचा धुरळा उठला. तिसऱ्यांदा हात वर गेला तो धुरळ्यात ती नीट दिसेना म्हणून वरच राहिला.

ती उठून बसली. गालावर पांढरी बोटं उमटली होती आणि त्यांच्याखालून लाल वर येत होतं. ओठाच्या कोपऱ्यातून रक्त हनुवटीपर्यंत आलं. त्याने तिच्या चेहऱ्यावर भीती शोधली, निदान धक्का. तसं काही नव्हतं. तिचे खांदे नेहमी कानांपाशी चढलेले असत. ती तिची ठेवणच आहे असं तो समजत आला होता. ते खांदे हळूहळू खाली आले. मान लांब झाली. लग्नाआधी पायऱ्यांवर बसलेली मुलगी त्याला क्षणभर दिसली. 'झालं एकदाचं,' ती म्हणाली, आणि तिने श्वास सोडला.

तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. रडला. पुन्हा असं होणार नाही, काय झालं मला, तू बोललीस म्हणून, नाही, तू नाही, मीच, असं काहीबाही बोलत राहिला. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. उठून तोंड धुतलं, आणि फरशीवर बसून तुकडे वेचायला लागली. ओठांचा मोठा तुकडा, नाकाची कड, हनुवटीचे खवले, डाळीएवढे कण. ते तिने ओल्या फडक्यावर चेहऱ्याच्या क्रमाने मांडले. थोडं प्लास्टर कालवलं. मग साचा उरला होता तो तिने स्वतः काढला, छिन्नी न मारता, पातळ सुरीने, चकत्या काढाव्यात तसा. निळीशिवाय. तो बघत राहिला. हिला नीळ लागतच नव्हती, हे त्याला आता कळलं. ती तो थर त्याच्यासाठी देत होती. 'मी काही धरू का?' त्याने विचारलं. 'बाजूला हो. उजेड अडतोय.' तो बाजूला झाला. एकेक तुकडा जागेवर बसत गेला. बोटं जराही कापत नव्हती. दुपार उतरली तेव्हा मुलाचा चेहरा परत आला होता, ओठ मिटलेले, गालावर एक केसासारखी रेघ, ती कमानीवर इतक्या उंचावरून कुणाला दिसणार होती? त्याच्या जिवात जीव आला. काम करतेय म्हणजे निवळलं. उद्या समिती येईल, बाईंना थोडीफार आशा दिसेल, कबुतरांचं अभियंता बघून घेईल. तो मनात नवा आरसासुद्धा घ्यायला लागला, भिंतीत पक्का बसवलेला. त्याला भूक लागली.

काम झाल्यावर तिने आपली हत्यारं धुतली. सुऱ्या, पट्ट्या, चमचे, तो आखूड दांड्याचा ब्रश. एकेक पुसून तिने ती फडक्यात गुंडाळली. रोज ती फळीवर लावून ठेवत असे. आज पिशवीत घातली. दुसरं काहीच घेतलं नाही. 'हे काय?' तो म्हणाला. 'कुठे निघालीस? अगं, उद्या समिती...' ती दारापाशी थांबली आणि वळून पाहिलं. त्याच्याकडे नाही, बाकड्याकडे, डोळे बारीक करून, जोड कुठे दिसतोय का ते बघायला बघतात तसं. सुजलेल्या गालामुळे तिचा एक डोळा नीट उघडत नव्हता.

'ओलं आहे अजून,' ती म्हणाली. 'हात लावू नकोस.'

चपलांचा आवाज झाला, मग फाटकाचा. तो त्या मुलासमोर तसाच उभा राहिला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.